एकेका दारात

‘वस्ती रिकामी होती असं तुम्ही लिहिलं. खोटं लिहिलं. घरात माही माय होती. खाटेवरून उठता येत नोतं तिले. तुम्ही पाणी नाही अडवलं, माणूस मारलं.’

अर्जावरचा मजकूर साहेबांनी चालत्या जीपमध्ये मोठ्यानं वाचला आणि कागद मागच्या सीटवर भिरकावला.

“भाषा पाहिलीस यांची?”

श्रावणनं गिअर बदलला. अकोल्याहून अमरावतीला बदली होऊन त्याला पंधराच दिवस झाले होते. ड्रायव्हरनं स्टिअरिंग धरावं, तोंड धरावं.

प्रकरण मात्र त्यालाही ठाऊक होतं. सगळ्या कचेरीला होतं. गेल्या पावसाळ्यात परतवाड्यापलीकडच्या नव्या धरणाची दारं लागली, पाणी चढलं आणि सावरझिऱ्याच्या बौद्ध वस्तीत जाईबाई नावाची म्हातारी बुडाली. पोरगा खडी फोडायला बाहेरगावी गेला होता. ‘मी स्वतः वस्तीत जाऊन पाहिलं, आत कोणी नव्हतं,’ हा दारं लावण्याआधीचा साहेबांचा शेरा. तो टिकला, तर म्हातारी मागाहून आपल्या पायांनी आत गेली असं ठरणार. खाटेवरून न उठणारी म्हातारी. नाही टिकला, तर साहेबांची नोकरी गेली. सोमवारी अमरावतीत चौकशी होती.

म्हणून रविवारी जीप निघाली होती. “रस्ता एकदा नजरेखालून घालू. वर्षभरात बारीकसारीक विसरतं माणूस,” साहेब म्हणाले. “लॉगबुकात स्थळपाहणी लिही.”

परतवाड्याच्या स्टँडवर वाट दाखवायला माणूस हवा झाला. कापडी पिशवी मांडीवर घेऊन एसटीची वाट बघणारा एक जण उठून पुढे आला. दाढीचे खुंट पांढरे, अंगात दुसऱ्याच्या मापाचा कोट.

“सावरझिऱ्याची वाट माहीत आहे?”

“मले नाई तं कोणाले?”

“मग धरणाच्या तळ्यापर्यंत चल. असल्या कामाला तुमचेच लोक बरे. साहेबाच्या पुढे पळायची सवय असते.”

“ते पयणं छप्पन सालीच टाकलं, सायेब. आज बसून येतो.”

तो मागे, फेकलेल्या अर्जाच्या शेजारी बसला. त्याचं नाव कोणी विचारलं नाही.

डांबर संपलं, खडी संपली, मग नुसती गाडवाट उरली. काळ्या मातीत वाळून दगड झालेल्या चाकोऱ्यांत जीप आदळत होती. आभाळ सकाळपासून भरलेलं, पण पडत नव्हतं. कोरडा नाला श्रावणनं पहिल्या गिअरवर काढला. माणूस दिसेना, ढोर दिसेना.

“इथं वड लागते. आठवते का, सायेब?”

“आठवतो की! याच्याच सावलीत जीप लावली होती. श्रावण, लिहून घे.”

श्रावणनं वही गुडघ्यावर ठेवून लिहिलं. म्हातारा त्याच्या हाताकडे बघत राहिला.

“अन् हे देऊळ?”

“मारुतीचं. बाहेरूनच हात जोडले. लिही.”

“अन् मंग वस्तीत उतरले तुमी? पायी?”

“उतरलो म्हणजे काय! एकेका दारात डोकावलो.”

“एकेका?”

“एकेका. लिही रे.”

म्हातारा खोकला. मग तो हातानंच डावं-उजवं दाखवू लागला.

कपाशीच्या वावराला वळसा घातला आणि तळं दिसलं. पाणी गप पडलं होतं. काठाला कमळाची पानं, धुणं आपटून गुळगुळीत झालेले दगड. दोन म्हशी मानेपर्यंत बुडून बसल्या होत्या.

“धरणाची भिंत कुठं दिसत नाही ती?” साहेबांनी विचारलं.

“डोंगराआड हाये.”

“हां. आणि वस्ती ही इथं, समोरच्या पाण्याखाली. माझ्या डोळ्यांपुढे आहे अजून.”

म्हाताऱ्यानं पाण्याकडे पाहिलं. “तुमी म्हंता तं असंन.”

साहेबांनी सिगारेट संपवली, वहीतली दोन पानं वाचली आणि खाली सही ठोकली. त्यांचा चेहरा खुलला होता. परत फिरताना म्हातारा म्हणाला, “माही एसटी तं गेली असंन. मलेही अमरावतीले सोडा.” साहेबांनी मोठ्या मनानं मान हलवली.

संध्याकाळी त्याला अमरावतीच्या स्टँडजवळ उतरवताना श्रावणनं विचारलं, “बाबा, अमरावतीत काय काम काढलं?”

“एकाले एक गोष्ट विचाराची हाये.”

सोमवारी साहेबांनी ती दोन पानं चौकशीत वाचून दाखवली. वही घेऊन श्रावण दाराशी उभा होता. वड, देऊळ, उतार, दगड. चौकशीला आलेले वरचे साहेब मान डोलवत होते. “इतका बारीक तपशील न गेलेला माणूस सांगूच शकत नाही,” ते म्हणाले. “अर्जदाराला बोलवा. लवकर उरकू.”

पट्टेवाल्यानं पुकारा केला, “अर्जदार देवमन!”

कापडी पिशवी घेऊन कालचा म्हातारा आत आला. साहेबांचा हात पाण्याच्या पेल्याकडे गेला आणि तिथंच थांबला.

“वाचलं ते तुमचंच ना, सायेब? खाली सही तुमचीच?”

“माझीच. पण हा माणूस तर—”

“अन् लिहिलं तेही सारं खरं हाये. वड हाये, देऊळ हाये. पण ते डोंगराच्या अलीकडचं जुनं तयं हाये. माह्या आज्यानं म्हशी पाजल्या तिथं. सावरझिरा डोंगरापल्याड. त्याले वड नोता, देऊळ नोतं, अन् जीप जाईन अशी वाटही नोती. तुमी तिथं कधी गेलेच नाई. मंग माही माय घरात नोती, हे तुमी कोणत्या दारातून पाह्यलं? बोला!”