एका ओळीचं बटन

"घरी गेले" काही केल्या बटनात मावेना.

नंदीशने अक्षरं बारीक केली, तर नर्सबाईंना ती चष्म्यातूनही दिसणार नव्हती. बटन रुंद केलं, तर शेजारचं बटन स्क्रीनबाहेर जात होतं. "दाखल", "तपासणी" आणि "स्थिर" कसे शिस्तीत एका ओळीत बसले होते. चौथंच तेवढं दोन ओळींत तुटत होतं. जुळे सोलापुरातल्या आपल्या फ्लॅटमध्ये बसून तीन दिवस नंदीश त्याच्याशी झटत होता.

काम एका रुग्णालयाच्या अॅपचं होतं. नर्सने पेशंटच्या नावापुढचं बटन दाबलं, की नातेवाइकांना मेसेज जायचा. अमुक अमुक: दाखल. अमुक अमुक: स्थिर. आधी तिथे एक लांबलचक यादी होती आणि बोट हमखास भलतीकडे पडायचं. नंदीशने तिची चार बटनं केली, त्यांना चार रंग दिले, कोपरे गोल केले. कोपरे किती गोल हवेत यावर त्याने एक अख्खी दुपार घालवली आणि वर त्याला अभ्यास म्हटलं.

त्याच रुग्णालयात त्याचे वडील गुरप्पा हत्तुरे, म्हणजे आण्णा, मूतखड्याच्या ऑपरेशनसाठी दाखल होते. भवानी पेठेतल्या घरून त्यांना शेजारच्या बडेसाबांनी आपल्या रिक्षातून नेलं होतं. नंदीश अजून एकदाही गेला नव्हता. पण आण्णांकडे त्याचं लक्ष नव्हतं असं म्हणायची सोय नाही. दिवसातून दहा वेळा तो अॅपमध्ये आण्णांचं नाव उघडून बघायचा. हिरवा रंग. स्थिर. एकदा तो हिरवा जरा भडक वाटला, म्हणून त्याने सौम्यही करून दिला.

"येतोस का रे?" आण्णांनी काल फोनवर विचारलं होतं.

"येतो की. एवढं बटन बसलं की निघालोच."

आज सकाळी बटन बसलं. उपाय इतका सोपा निघाला, की नंदीशला स्वतःचं कौतुक वाटलं. त्याने "घरी" हा शब्द काढून टाकला. दवाखान्यातून सुटलेला माणूस घरीच जाणार, ते वेगळं सांगायला कशाला हवं? चारही बटनं एका ओळीत आली. त्याने बदल लागू केला, चहा केला आणि कप हातात घेऊन बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला.

अकरा वाजता त्याच्या फोनवर मेसेज आला.

"गुरप्पा हत्तुरे: गेले."

शब्द त्याचा, रंग त्याचा, कोपरे त्याचे. वाईट बातमी मेसेजने द्यायची नाही, फोनच करायचा, हा रुग्णालयाचा नियमही त्याला पाठ होता. त्यातलं काहीएक त्याला आठवलं नाही. एका पायात स्वतःची आणि दुसऱ्या पायात बायकोची चप्पल घालून तो गाडीवर बसला. वीस मिनिटांची तर वाट होती, आणि आपण तीन दिवस कोपरे गोल करत बसलो. सात रस्त्याला सिग्नल लाल होता की हिरवा, हेही त्याने बघितलं नाही. तो ढसाढसा रडत होता.

रुग्णालयाच्या दारातल्या बाकावर आण्णा मांडीवर पिशवी घेऊन केळं खात बसले होते.

"बडेसाब रिक्षा आनाया गेलाय," ते म्हणाले. "तू कसा काय आलास? आन रडतोस कशापायी?"

नंदीशने फोन पुढे केला. आण्णांनी तो हातभर लांब धरून वाचला. मग टाके दुखू नयेत म्हणून पोटावर हात दाबून ते हसले.

"चूक माझी आहे, आण्णा. 'घरी' मीच काढलं. आत्ता हितंच बसून परत घालतो."

"ऱ्हाऊ दे की," आण्णा म्हणाले. "'घरी गेले' असं आलं असतं, तर तू आला असतास व्हय?"