दोघांनी वाचलेलं पान

“एकानं वाचायचं, दुसऱ्यानं ऐकायचं. एकट्याच्या भरवशावर पान छापायला सोडायचं नाही. शब्द दे.”

वडिलांचा हा आवाज पुतण्याच्या कानात अजून तसाच होता. शब्द दिला त्याच आठवड्यात वडील गेले. जाताना एक छापखाना आणि इंग्रजी उपसर्गांचा एक अर्धवट कोश त्याच्यावर सोपवून गेले. ग्रीकमधून आलेल्या उपसर्गांचा भाग तेवढा छापायचा राहिला होता.

प्रुफं तपासायची ती काका-काकूंनी. काका हस्तलिखित मोठ्यानं वाचत, स्वल्पविरामासकट. काकू प्रुफावर बोट ठेवून ऐकत आणि चूक दिसली की लाल पेन टेकवत. लेकरू नाही, पेन्शन नाही. “काम आहे तोवर ती दोघं आहेत,” असं वडील म्हणायचे.

आणि आता छापखान्यात खिळे जुळवणारा जुळारी सांगत होता, “धाकटे मालक, काका काल रस्त्यातल्या खांबाला धडकले आणि त्यालाच ‘माफ करा’ म्हणाले. हसू नका. त्यांना दिसत नाही.”

पुतण्या हसला नाही. काकांना दिसत नसेल तर काम काढून घ्यावं लागणार होतं. शब्द दिलेला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो त्यांच्याकडे गेला. पुढचं पान ‘टेली’चं होतं. त्यानं मुद्दाम ते न नेता मागं राहिलेलं ‘सिन’चं नेलं. हस्तलिखिताची एक नक्कल स्वतःच्या खिशात ठेवली.

“ये रे बाबा!” काका खुर्चीतूनच ओरडले. “तुझ्या काकूला सांग, पाहुणा आलाय. मी हाका मारून दमलो. परवा जरा बोललो तिला, तर अजून ओ देत नाही. राग नाकावर, लग्नाच्या दिवसापासून!”

काकू चहा घेऊन आल्या. पुतण्याकडे टक लावून बघत म्हणाल्या, “ह्यांचं काय ऐकतोस? माझ्याकडे वळून तरी बघतात का? मघाशी खुणेनं विचारलं, चहा घेणार का, तर हे आपले भिंतीकडे बघत बसले. तंद्री!”

“काकू, आज मीही बसतो वाचनाला,” पुतण्या म्हणाला.

“बस की. आमचा रोजचा नेम आहे, चुकवत नाही.”

त्यानं हस्तलिखित काकांच्या हाती दिलं आणि प्रुफ काकूंपुढे ठेवलं. काकांनी घसा साफ केला, पान डोळ्यांसमोर धरलं आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली.

“टेली. पूर्णविराम. मूळ ग्रीक. अर्थ, लांब, दुरून. टेलिफोन, स्वल्पविराम, लांबचा आवाज. टेलिस्कोप, स्वल्पविराम, लांबचं पाहणं.”

पुतण्यानं खिशातली नक्कल उघडली. त्यात लिहिलं होतं: ‘सिन. मूळ ग्रीक. अर्थ, सह, सोबत. हा उपसर्ग शेजारचं अक्षर बघून स्वतःचं रूप बदलतो. ब, म, प यांच्याआधी सिम होतो. सिंफनी, एकत्र नाद. सिंपथी, सहवेदना.’

काका थांबले नाहीत. सगळा कोश त्यांनीच वडिलांच्या तोंडून उतरवून घेतला होता. अक्षर न् अक्षर पाठ. कुठं श्वास घ्यायचा तेही ठाऊक. फक्त हातातलं पान कोणतं, एवढंच त्यांना कळत नव्हतं.

पुतण्यानं काकूंकडे पाहिलं. आता त्या थांबवतील. म्हणतील, अहो, काय वाचताय?

काकूंनी थांबवलं नाही. बोट ‘सिन’च्या ओळींवरून सावकाश सरकत होतं. एक काना सुटला होता, तिथं त्यांनी लाल खूण केली. पुढं एक अक्षर उलटं बसलं होतं, तेही धरलं. काकांनी पान खाली ठेवल्यावर त्यांनी मान वर केली.

“झालं? छान वाचलंत.”

काका लहान मुलासारखे खुलले.

पुतण्यानं प्रुफ हातात घेतलं. खुणा सगळ्या बरोबर होत्या. मात्र ब-म-पची आख्खी ओळ जुळाऱ्यानं गाळली होती. हस्तलिखित ऐकणाऱ्याला ती जागच्या जागी सापडली असती. काकू नवऱ्याची लाज झाकत होत्या. एकट्याच वाचत होत्या. म्हणजे नियम मोडला होता आणि तो मोडला हे त्यालाच बोलून दाखवायचं होतं.

काकू कपबशा घेऊन आत गेल्या. तो त्यांच्या मागोमाग गेला. त्या मोरीशी पाठमोऱ्या उभ्या राहून कप विसळत होत्या.

“काकू,” तो हळूच म्हणाला, “मला कळलं सगळं. काकांना दिसत नाही. तुम्ही किती दिवस सांभाळून घेणार? काम थांबवावं लागेल. मला माफ करा.”

काकू कप विसळत राहिल्या. त्याला वाटलं, रडताहेत. तो तसाच उभा राहिला.

पदराला हात पुसत काकू वळल्या आणि दचकल्या.

“अगं बाई! तू कधी आलास इथं?” मग दाराकडे एक नजर टाकून त्या त्याच्या अगदी जवळ आल्या. आवाज त्यांनी खूप खाली आणला. “बरं झालं आलास. तुला एक सांगायचं होतं. पण ह्यांना कळू द्यायचं नाही, शब्द दे. वर्ष झालं, मला काही म्हणजे काही ऐकू येत नाही. समोरच्याचे ओठ बघून चालवून नेते. प्रुफ वाचताना मात्र नजर पानावर ठेवावी लागते. हे इतकं जीव तोडून वाचतात रे. ऐकणारं कुणी नाही असं कळलं, तर वाचायचं सोडून देतील.”

पुतण्यानं मान हलवली, त्यांना नीट दिसेल अशी. बाहेर आल्यावर त्यानं पुढचं पान उद्या आणतो असं काकांना मोठ्यानं सांगितलं. मग प्रुफ आणि हस्तलिखित दोन्ही काखेत मारून तो छापखान्याकडे निघाला, हेच पान आपण पुन्हा वाचलं तर ऐकायला कुणी बसेल का ते बघायला.