गणित सुटल्याशिवाय

“चूक,” मास्तर म्हणाले आणि त्यांनी डस्टरने फळा पुसला.

पुसता पुसता त्यांनी चोरून घड्याळाकडे पाहिलं. पावणेपाच. सव्वापाचला बस कोपऱ्यावर यायची, आणि इथे ही एक मुलगी हटून बसली होती. बाकीचा वर्ग कधीच घरी गेला होता. ही तेवढी उरली होती आणि हिच्यापायी मास्तर.

गणित तरी काय होतं? एक विजेची शेगडी. दाब दोनशे तीस व्होल्ट, प्रवाह चार अँपिअर. शेगडीचा रोध किती आणि ती शक्ती किती खाते? एक भागाकार आणि एक गुणाकार, संपलं. मास्तरांच्या हाताखालून गेलेली पोरं हे झोपेत सोडवत.

पण ही! मघाशी तिने रोध नऊशे वीस ओहम लिहिला आणि शक्ती साडेसत्तावन्न वॅट. आकडे दोन्ही बिनचूक, नुसती जागांची अदलाबदल. मास्तरांनी कपाळाला हात लावला. धडधडीत चुकणाऱ्याला सुधारता येतं, इतकं बेताने चुकणाऱ्याचं काय करायचं? त्याआधी तिने चाराला दोनशे तिसाने भागलं होतं. त्याच्याही आधी दोन्हींची चक्क बेरीज केली होती. तेव्हापासून मास्तरांनी मनातल्या मनात तिचं नाव बेरीजबाई ठेवून दिलं होतं. वर्गाच्या मानाने थोराडही दिसत होती. दोनतीनदा नापास झालेली असणार.

सरळ उठून जावं, तर नियम आडवा येत होता. तोही मास्तरांचाच. गणित सुटल्याशिवाय वर्ग सुटणार नाही. तीस वर्षांत त्यांनी तो एकदाही मोडला नव्हता. रडणाऱ्या पोरांसाठी नाही, त्यांच्या आयांसाठी नाही, खुद्द हेडमास्तरांच्या चिठ्ठीसाठीही नाही. आता स्वतःसाठी मोडायचा तो कुठल्या तोंडाने? शिवाय शिपाईण दाराला बाहेरून कडी घालून गेली होती. चारच्या सुमारास त्यांनी दार हळूच ओढून पाहिलं होतं. खिडकीला जाळी होती आणि पंखा असून नसल्यासारखा फिरत होता.

त्यांनी पुन्हा पदर खोचल्यासारख्या बाह्या वर केल्या.

“हे बघ. शाळा सुटली की सगळी पोरं दाराकडे धावतात. मागून रेटा येतो ना, तो व्होल्ट. दारातून जितकी पोरं बाहेर पडतात, ते अँपिअर. दार जितकं अरुंद, तितका रोध जास्त. आता सांग, रेट्याला पोरांनी भागायचं की गुणायचं?”

मुलीने फळ्याकडे पाहिलं.

“गुणायचं, सर.”

मास्तर मटकन खुर्चीत बसले. पाच वाजले होते. राग केव्हाच ओसरला होता. आता डोळ्यांपुढे फक्त तो कोपरा होता. असं कुणासमोर बोलायची त्यांना सवय नव्हती, पण जीव टांगणीला लागला की माणूस भिंतीशीही बोलतो.

ते सांगू लागले. त्यांची मुलगी सहा वर्षांची होती, पहिलीत. बस तिला कोपऱ्यावर सोडायची. समोर चार पदरी रस्ता, गाड्या भरधाव. तिला बजावून ठेवलं होतं की बाबांचं बोट हातात आल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. पोर इतकी गुणी, की ती खरंच टाकत नसे. पण सहा वर्षांचं लेकरू किती वेळ उभं राहणार? कंटाळली आणि निघाली तर? तिच्या आईला जाऊन वर्ष झालं होतं, घरात दुसरं कुणी नव्हतं.

“ती वाट बघत असेल गं,” मास्तर म्हणाले. “एवढं सोडव आणि मला मोकळं कर.”

मुलीचे डोळे भरून आले. मास्तरांना वाईट वाटलं. पोरगी मठ्ठ असेल, पण मनाची वाईट नव्हती. तिला पाझर फुटला होता, आता नक्की सुटणार. त्यांनी खडू तिच्या हातात दिला.

तिने ओढणीने डोळे पुसले, फळ्याशी गेली, आणि ठळक अक्षरांत लिहिलं. रोध नऊशे वीस ओहम.

मास्तरांनी फळा पुसला आणि तेच गणित पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतलं. दोनशे तीस व्होल्ट. मागे कडी वाजली. आजच लागलेली शिपाईण चहा घेऊन आली होती. ती दाराशी थांबून मुलीशी काहीतरी कुजबुजू लागली. वर्गात कुजबुज मास्तरांना खपत नसे, पण आता दटावण्याइतकंही बळ त्यांच्यात उरलं नव्हतं.

“ताई, तुम्ही एवढ्या विजेच्या इंजिनियर,” शिपाईण म्हणत होती. “एकदाचं बरोबर लिहून टाका ना. सुटतील बिचारे.”

“मागच्या आठवड्यात लिहिलं होतं,” मुलगी म्हणाली. “वर्ग सुटला म्हणून बाबा निघाले. चार तासांनी सापडले, भर रस्त्यात. मला घ्यायला आले होते.”