‘खाडीवारा’ची राहिलेली कॅसेट

“तुमी जा, मी भाताकडं बघते,” असं हौसानं सकाळपासून दोन-तीनदा सांगून पाहिलं. गुणाजी ऐकेना. कोरस तुझा होता, मग ऐकायलाही तूच हवीस, हे त्याचं पालुपद. शेवटी तिनं ठेवणीतली साडी नेसली आणि दोघं कासू स्टेशनात रोह्याच्या गाडीची वाट बघत उभी राहिली.

भाताचं निमित्त तसं लंगडंच होतं. लोंब्या भरत आल्या होत्या आणि पोपटांची धाड पडत होती, हे खरं. पण गेल्याच आठवड्यात दोघांनी मिळून शेतावर पट्टी ताणली होती. चांगली रुंद, चॉकलेटी, वाऱ्यावर घुमणारी. असल्या वस्तू गुणाजी कुठून कुठून गोळा करून आणायचा. मागच्या वर्षी त्यानं कुणाच्या तरी लग्नाच्या सीड्या टांगल्या होत्या. पाखरं काही त्या नवरानवरीला भ्यायली नाहीत.

एके काळी पेणपासून रोह्यापर्यंत ‘खाडीवारा’च्या गाण्यांशिवाय वरात निघत नसे. काळुराम गिटार घेऊन गायचा, गुणाजी ड्रमवर बसायचा, हौसा मागं कोरसला. शेवटची कॅसेट रोह्यात इकबालच्या स्टुडिओत रेकॉर्ड झाली, पण ती बाहेर आलीच नाही. काळुराम मुंबईला गेला, तिकडंच राहिला आणि तिकडंच वारला. पुढं इकबालही गेला. आता त्याच्या बायकोला, अजराला, माळ्यावर त्या रेकॉर्डिंगच्या टेपचं स्पूल सापडलं होतं. मुंबईच्या कंपनीतला हितेश ते बाजारात आणणार होता. आधी कलाकारांनी ऐकावं म्हणून त्यानं दोघांना बोलावलं होतं.

हौसाला भीती गाण्यांची नव्हती, मधल्या जागेची होती. इकबाल मशीन मधेच थांबवत नसे; टेपची पट्टी ताणते म्हणायचा. त्या दिवशी चहाची सुट्टी झाली, सगळे बाहेर गेले आणि आत हौसा अन् काळुराम दोघंच राहिले. गुणाजीशी तिचा साखरपुडा झालेला होता. तरी ती काळुरामला म्हणाली, मला मुंबईला ने, मी साखरपुडा मोडते. गुणाजीचं काय, असं त्यानं विचारलं.

“त्याच्यात काय हाय?” हौसा म्हणाली होती. “नुसता ताल धरतो.”

बोलून झालं आणि तिचं लक्ष मशीनकडं गेलं. स्पूल फिरत होतं.

काळुराम एकटाच गेला. हौसानं गुणाजीशी लग्न केलं, आणि वर्ष व्हायच्या आत तिला कळून चुकलं की आपलं नशीब थोर. हा माणूस मिठागरावर राबला, त्यानं मुलं शिकवली, ती आजारी पडली तेव्हा चुलीपुढं बसून वेड्यावाकड्या भाकऱ्या थापल्या. आता म्हातारपणी त्याच्या कानावर तिच्याच तोंडचं ते वाक्य पडणार होतं. तेही हितेशसारख्या परक्या माणसासमोर.

गाडीत गुणाजी मजेत होता. खिडकीच्या गजावर बोटांनी ठेका धरत होता. या पावसाळ्यात त्याला साखर निघाली आणि तपासणीसाठी रोह्याला फेऱ्या सुरू झाल्या, तेव्हापासून ही वाट त्याच्या पायाखालची झाली होती. हौसाला मात्र एकेक स्टेशन नको वाटत होतं.

अजरानं आल्याआल्या चहा ठेवला. गुणाजीपुढं बिनसाखरेचा कप सरकवला, हौसाला साखरेचा दिला. हौसानं कप तसाच बाजूला ठेवला. हितेशनं मशीन सुरू केलं.

काळुरामचा आवाज आला, कोवळा, खणखणीत. मागं गुणाजीचा ड्रम. पहिलं गाणं संपलं, दुसरं संपलं. तिसऱ्यानंतर चहा झाला होता, हे हौसाला पक्कं आठवत होतं. तिनं पदर मुठीत आवळला.

तिसरं गाणं संपलं. कुणीतरी खोकलं. “चला, चाय पिऊ,” असा इकबालचा आवाज आला. मग खट्ट झालं आणि लगेच चौथ्या गाण्याचा ड्रम सुरू झाला.

हौसा शेवटचं गाणं संपेपर्यंत कान देऊन बसली. मधे कुठंच काही नव्हतं. मग तिला रडूच कोसळलं. जुनी गाणी ऐकून आलं असेल, असं समजून हितेशनं तिला पाणी आणून दिलं.

स्पूल उलटं फिरवताना हितेशनं एक पांढरी चिकटपट्टी दाखवली. इथं जोड आहे, तो म्हणाला, मधला भाग कुणीतरी कापलाय; जुने रेकॉर्डिस्ट नको ते असं काढून टाकायचे.

हौसाला सगळा उलगडा झाला. इकबालनं ऐकलं होतं, कापलं होतं, आणि चकार शब्द न काढता तो अल्लाला प्यारा झाला होता. तिनं मनातल्या मनात त्याला हात जोडले. निघताना अजराचे हात तिनं बराच वेळ धरून ठेवले. अजरानं एकदा गुणाजीकडं बघितलं आणि कप उचलले.

परतीच्या गाडीत हौसाच्या तोंडाला खळ नव्हती. रोह्यालाच तिनं गरम भजी घेतली होती, आणि ती खाता खाता तिनं सांगून टाकलं की सगळ्या गाण्यांत ड्रमच सरस आहे. गुणाजी हसला आणि त्यानं आणखी एक भजं उचललं. इतकं हलकं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

घरी जाण्याआधी दोघं शेतावर डोकावली. वारा सुटला होता. पट्टी एका काठीपाशी तुटून तिचं टोक लोंब्यांवर लोळत होतं. हौसा लगबगीनं पुढं झाली, तिनं टोक उचललं आणि काठीशी आणायला जोरात ओढलं.

बांधावरून गुणाजी उतरला. त्यानं तिच्या हातातून टोक घेतलं आणि सावकाश गाठ मारली.

“हलक्या हातानं गो,” तो म्हणाला. “चहाच्या सुट्टीतली पट्टी हाय ती. दुसरी नाय मिळायची.”