लाकडी वस्तरा

"आता पुढचं गिऱ्हाईक तुम्ही करा, माझा हात दुखला," असं म्हणत नातीनं लाकडी वस्तरा आजोबांच्या मांडीवर ठेवला.

हात दुखणं साहजिकच होतं. सकाळपासून तिनं अस्वलाचे केस कापले होते, टकल्या बाहुलीचेही कापले होते आणि आजोबांची दाढी दोनदा केली होती. आत्यानं पाठवलेल्या खोक्यात सलूनचं सगळं सामान होतं आणि सगळं लाकडाचं. न उघडणारी कात्री, जाड दातांचा कंगवा, कधीच न संपणारी बाटली. दुकानातल्या आरशाखालच्या फळीवर तिनं ते बापाच्या खऱ्या सामानाशेजारी मांडलं होतं, आणि बापाची बोलीही उचलली होती. मान खाली घ्या, हलू नका, झालंच दोन मिनिटांत. ही दोन मिनिटं किती वेळाची, ते बापालाही ठाऊक नव्हतं, तर तिला कुठून असणार.

आजोबा कोपऱ्यातल्या बाकावर एका हातानं दुसरा हात दाबून बसले होते. चार महिने ते असेच बसत. रोज दुकानात यायचे, टॉवेलांच्या घड्या घालायचे, गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचे, पण वस्तऱ्याचं नाव काढायचे नाहीत. हाताला कंप सुटला होता आणि एके दिवशी शाळेतल्या मास्तरांची दाढी करताना त्यांच्या कानाखाली रक्त आलं. मास्तर रुमाल दाबून घरी गेले. त्या संध्याकाळी मुलानं, म्हणजे या पोरीच्या बापानं, आजोबांचा वस्तरा पुसून खणात ठेवला आणि खण लावून घेतला. त्यावर बापलेकांत एका शब्दानंही बोलणं झालं नव्हतं.

"माझा हात थरथरतो गं," आजोबा म्हणाले.

"मग काय झालं? हा कापतच नाही."

तिच्या लेखी विषय संपला. तिनं अस्वल आणून आजोबांच्या पुढ्यात बसवलं. आजोबांनी वस्तरा उघडला, सवयीनं धारेवर अंगठा फिरवला आणि स्वतःशीच हसले. मग गाल ताणायला गेले, तर अंगठा कापसात रुतला. याला गालाचं हाडच नाही, अशी त्यांनी तक्रार केली. गिऱ्हाइकाला नावं ठेवायची नसतात, असं नातीनं त्यांना बजावलं.

दुपारची वेळ होती, दुकान रिकामं होतं. मुलगा खाली पडलेले केस झाडत आरशातून हे सगळं बघत होता. त्यानं झाडू भिंतीला टेकवला. आजोबांच्या खुर्चीवर चार महिन्यांची वर्तमानपत्रं साठली होती, ती उचलून जमिनीवर ठेवली आणि स्वतः खुर्चीत बसला. त्याची दोन दिवसांची दाढी वाढलेली होती.

"बाबा, माझी करा."

आजोबा जागचे हलले नाहीत. दुकान उघडं आहे, कुणी आलं तर काय म्हणेल, असं काहीतरी पुटपुटले. कुणी आलं तर बसेल, असं म्हणून मुलानं मान मागे टेकवली. नातीनं त्याच्या गळ्याला टॉवेल बांधला. बांधला म्हणजे असा आवळला, की बापाचे डोळे पांढरे व्हायची वेळ आली. गाठ सैल करायला आजोबांना उठावंच लागलं.

एकदा उठले ते उठले. त्यांनी खरा ब्रश घेतला, खरा साबण घेतला. फेस करायला कापऱ्या हातासारखा हात नाही. इतका दाट फेस त्या दुकानात कित्येक दिवसांत झाला नव्हता. मग त्यांनी डाव्या अंगठ्यानं मुलाचा गाल ताणला आणि लाकडी वस्तऱ्यानं कानापासून खाली फेसातून एक रेघ ओढली. रेघ वाकडी गेली. त्यांनी ती पाहिली, मुलानंही आरशात पाहिली. दुसरी तितकी वाकडी गेली नाही. गेलीही असेल, पण तोवर दोघांनी बघणं सोडून दिलं होतं.

"श्वास रोखू नकोस," आजोबा म्हणाले. "तू माझ्याच गालावर शिकलास. मी रोखला होता का?"

"तुम्ही डोळे मिटून बसायचात."

"मग तूही मीट."

मुलानं डोळे मिटले. गालावरचा तो अंगठा त्याला फार बरा वाटला, लहानपणी वाटायचा तसाच. खणाबद्दल त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण ओठांवर फेस होता.

फेस निघाला, दाढी होती तशीच राहिली. आजोबांनी ओल्या टॉवेलानं त्याचं तोंड पुसलं, तुरटी फिरवली, मग बोटांची मागची बाजू गालावरून उलटी फिरवून पाहिली. कपाळाला आठी पडली. नातीनं तोवर "पुढचं गिऱ्हाईक" म्हणून हाक दिली होती आणि दारातून मास्तर आत येत होते.

मास्तर मुलाच्या खुर्चीत बसले. मुलगा त्यांच्या गळ्याभोवती टॉवेल गुंडाळत होता, तेव्हा त्यांनी आरशात त्याचा चेहरा निरखला. "गावाच्या दाढ्या करतोस आणि स्वतःची राहिली वाटतं?"

"झाली की," मुलगा वस्तऱ्यात नवं पातं घालत म्हणाला. "आत्ताच बाबांनी केली."

मास्तरांनी मुलाच्या गालावरचे खुंट पाहिले, कानाच्या पाळीला राहिलेला फेस पाहिला. मग आरशातूनच बाकाकडे पाहिलं. आजोबा टॉवेलाची घडी घालत होते आणि लाकडी वस्तरा त्यांच्या छातीच्या खिशात होता. जन्मभर पोरांच्या चुकांवर लाल रेघा मारलेला माणूस तो, पण ही दाढी त्यानं पास केली.

"हात अजून हलकाच आहे तुमचा," ते म्हणाले.

"हनुवटीखाली जरा राहिलीय," आजोबा घडीवरची नजर न काढता म्हणाले. "उद्या बघतो."