गाडीत काही दोष नाही

"गाडीत काही दोष नाही," राघवेंद्र म्हणाला आणि किल्ली त्यानं नित्याला न देता तिच्या धाकट्या भावाला, हरिप्रसादला दिली.

ही तिसरी खेप होती. तिन्ही खेपेस राघवेंद्रनं गाडी स्वतः चालवून पाहिली होती. मोठ्या देवळाला वळसा, तिथून नव्या बस स्टँडपर्यंत आणि परत राजवाड्यामागच्या गल्लीतल्या त्याच्या दुकानाशी. एकदाही बंद पडली नाही. इंजिनाचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड त्यानं बाहेर काढून भिंगाखाली धरला होता, शंका आली तो प्रत्येक सांधा नव्यानं सोल्डर केला होता. एवढ्या जुन्या गाड्यांचे बोर्ड आता विकत मिळत नाहीत. तंजावुरात ते दुरुस्त करणारा तो एकटाच. त्यानं दोष नाही म्हटलं की लोक तेच खरं धरून चालत.

नित्या पायरीखाली व्हीलचेअरमध्ये बसून होती. लहानपणीच्या तापानंतर तिच्या पायांत बळ राहिलं नव्हतं. तिच्या गाडीला स्टीअरिंगखाली एक दांडा बसवलेला होता. पुढे ढकलला की ब्रेक, ओढला की वेग. त्या दांड्यावर ती सहा वर्षं ओरत्तनाडूच्या तालुका कचेरीत एकटी जात होती, एकटी येत होती. गेल्या दोन महिन्यांत मात्र गाडी रस्त्यात पाच वेळा बंद पडली. शेवटच्या वेळी बंद पडली तेव्हा मागून बस येत होती. ती हातभर अंतरावर थांबली.

"अक्का, आता पुरे," हरिप्रसाद घरच्या मराठीत म्हणाला. "यांच्या हातात बंद पडत नाही. तुझ्याच हातात पडते." त्याच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. दुसऱ्या दिवशी गाडी बघायला गिऱ्हाईक येणार होतं.

हल्ली नित्यालाही तसंच वाटू लागलं होतं. आपलेच हात थकले असतील. आपणच काहीतरी चुकीचं दाबत असू. मग तिनं राघवेंद्रकडे पाहिलं.

"अण्णा, माझ्याच हातात पडते ना? मग मी चालवते. तुम्ही शेजारी बसा."

"नको," हरिप्रसाद लगेच म्हणाला. राघवेंद्रही घुटमळला. ती मागून आलेली बस त्याच्याही मनात होती. पण नाही म्हणायला त्याला कारण सुचेना. त्यानं हरिप्रसादकडून किल्ली परत घेतली आणि तिच्या हातात ठेवली.

तिनं तिरुवैयारुचा रस्ता धरला. दुपारची वेळ, रस्ता मोकळा. ती इतकी सफाईनं चालवत होती, की थोड्या वेळानं राघवेंद्र समोर बघायचंही विसरला. वेण्णार नदीच्या पुलापाशी अचानक शेळ्या आडव्या आल्या. नित्यानं दांडा जोरात पुढे ढकलला. गाडी थांबली, आणि त्याच क्षणी इंजिनही.

शेळ्या निघून गेल्या.

"पाहिलंत?" नित्या म्हणाली. "आता सांगा, माझं काय चुकलं?"

राघवेंद्रनं डॅशबोर्डखालून एक बारीकसा आवाज ऐकला होता. टक. "अम्मा, दांडा सोडा," तो म्हणाला आणि त्यानं किल्ली फिरवली. पेट्रोलचा पंप घुमू लागला. "आता ढकला. जोरात."

टक. पंप बंद.

तो वाकला आणि मोबाइलच्या उजेडात खाली पाहू लागला. दांड्याचा आधार ज्या पट्टीवर बोल्टनं आवळला होता, त्याच पट्टीवर पंपाला वीज देणारा दुसरा एक छोटा बोर्ड होता. नित्या जोरात ब्रेक लावी तेव्हा पट्टी किंचित वाके आणि बोर्डही तिच्याबरोबर वाके. राघवेंद्र पायानं ब्रेक दाबी, म्हणून त्याचा भार त्या पट्टीवर कधी आलाच नव्हता.

दुकानी परतल्यावर त्यानं तो बोर्ड काढून भिंगाखाली ठेवला आणि नित्याला बघायला सांगितलं. एका पिनेभोवती केसासारखी गोल चीर होती.

"एवढीशीच?"

"एवढीशीच."

त्यानं जुनं सोल्डर वितळवून काढून टाकलं, पिन साफ केली, नवं भरलं. सांधा चकचकीत झाला. मग बोर्ड पट्टीपासून दूर, वेगळ्या जागी पक्का केला. मागच्या मोकळ्या मैदानात नित्यानं वीस वेळा करकचून ब्रेक लावला. इंजिन एकदाही थांबलं नाही.

हरिप्रसादनं गिऱ्हाइकाला फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. मग तो गाडीच्या खिडकीशी गेला. "अक्का, मज वाटलं, तूच..."

"मलाही तसंच वाटलं होतं," नित्या म्हणाली. "बैस. घरी जाऊ."

गाडी गल्लीबाहेर वळेपर्यंत राघवेंद्र दारात उभा होता. मग आत येऊन त्यानं सोल्डरिंग आयर्न बंद केलं, स्टुलावर बसला आणि फोनमध्ये एक नंबर शोधू लागला. तिरुवैयारुला गाणं शिकवणाऱ्या अलमेलु टीचरांचा. गेल्या वर्षी त्या गाडी घेऊन दोनदा आल्या होत्या.

"टीचर, तुम्ही गाडी चालवणं सोडलंत म्हणे?"

"होय रे बाबा. अडुसष्टची झाले. हात-पाय ऐकत नाहीत. गाडीत काही नाही, हे तर तूच सांगितलंस."

"सांगितलं खरं, टीचर," राघवेंद्र म्हणाला. "पण तुम्ही चालवत असताना मी त्या गाडीत बसलोच नव्हतो."