जाड साल

कांद्याची साल जाड निघाली तर हिवाळा लांबणार आणि पातळ निघाली तर वसंत दाराशी आलाच, असं शिंप्याची बायको दरवर्षी अख्ख्या गल्लीला सांगायची. यंदा शेजारीण विचारायला आली तेव्हा ती म्हणाली, “जाड आहे गं बाई. थंडी काही इतक्यात हलत नाही.”

शेजारीण गेल्यावर शिंप्याने केराच्या टोपलीतून साल उचलली. मलमलीहून पातळ होती.

“खोटं का बोललीस?”

“अहो, बर्फ वितळला की डोंगरावर आपल्या पोराचा शोध पुन्हा सुरू होणार,” ती म्हणाली. “तोवर तो नुसता हरवलाय.”

शिंप्याने साल चुरगाळून खिशात घातली आणि खिडकीतून शेजारणीला हाक मारली, “माझे गुडघेही तेच सांगतायत हो वहिनी!”